पाच टक्के डांबर

२०२२ सालच्या जून महिन्यात अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३वर एक विक्रम झाला. सलग १०५ तास ३३ मिनिटं काम करून ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेवर डांबरी थर घातला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. बातम्या आल्या त्या वेगाच्या. पण त्या कामाच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट होती. रस्त्यावर जे मिश्रण पडलं ते सुमारे ३६ हजार टन आणि त्यात डांबर होतं साधारण दोन हजार टन. शंभर किलो मिश्रणात साडेपाच-सहा किलो डांबर. बाकी सगळा दगड. खडी, कच आणि दगडाची भुकटी.

हे प्रमाण त्या एका कामापुरतं नाही. जगात कुठेही चांगल्या डांबरी थरात वजनाने साडेचार ते सहा टक्के डांबर असतं. रस्ता उखडला की आपल्याकडे पहिला संशय या पाच टक्क्यांवर जातो. 'डांबर खाल्लं' हे वाक्य पावसाळ्याबरोबर दरवर्षी येतं. डांबर कमी पडलं तर रस्ता उखडतो हे खरंच आहे. पण ते जास्त पडलं तरी रस्ता बिघडतो आणि अगदी नेमकं पडूनही पहिल्याच पावसात खड्डे होऊ शकतात. रस्त्याचं आयुष्य ठरतं ते प्रामुख्याने दोन गोष्टींवर. काम चालू असताना मिश्रण किती गरम होतं आणि काम झाल्यावर पाणी कुठे गेलं.

दगडाला दगड अडकतो तेव्हा

डांबर येण्याआधी पक्का रस्ता होता तो निव्वळ दगडाचा. जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६) या स्कॉटिश माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगितलेलं तत्त्व आजही प्रत्येक रस्त्याखाली काम करतं. त्याच्या आधी रस्त्याच्या तळाशी मोठमोठे दगड रचायची पद्धत होती. मॅकॅडम म्हणाला, भार पेलते ती जमीनच. तिला कोरडी ठेवा म्हणजे झालं. त्यासाठी वर फोडलेल्या, टोकदार खडीचा थर द्या. गोल गोटे एकमेकांवरून घसरतात, कोनदार खडी चाकाखाली एकमेकींत अडकून घट्ट बसते. आणि रस्ता मध्यभागी थोडा उंच ठेवा, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंच्या चरांत उतरेल.

घोडागाडीच्या युगात हे रस्ते उत्तम चालले. मोटार आल्यावर मात्र रबरी चाकांनी खडीमधली बारीक भुकटी ओढून काढायला सुरुवात केली. धुळीचे लोट उठू लागले आणि खडी सुटी होऊ लागली. १९०१ साली इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात डेन्बी इथल्या लोखंडाच्या कारखान्याजवळून जाताना एडगर पर्नेल हूली या अधिकाऱ्याला रस्त्याचा एक तुकडा वेगळाच दिसला. तिथे गाडीवरून टारचं पिंप पडून फुटलं होतं आणि चिकटा झाकण्यासाठी कोणीतरी भट्टीतली मळी पसरली होती. त्या तुकड्यावर ना धूळ होती, ना चाकांचे चर. पुढच्याच वर्षी हूलीने गरम टार आणि मळी यांच्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. तोपर्यंत अमेरिकेत एडमंड डी स्मेट याने वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर वेगळा प्रयोग करून झाला होता. कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर डांबराचा नैसर्गिक तलाव आहे. तिथून आणलेलं डांबर त्याने १८७०च्या दशकात त्या रस्त्यावर वापरलं होतं.

भारतात मोटारींसाठी रस्ते हवेत हा विचार सरकारी पातळीवर नेटाने मांडला तो मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने. १९२७ साली नेमलेल्या या समितीच्या शिफारशींमुळे पेट्रोलवरच्या करातून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभा राहिला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. रस्त्याची रचना, उतार, जाडी यांची मानकं आजही हीच संस्था ठरवते.

तेलाचा शेवटचा गाळ

हूलीचं टार कोळशापासून निघत असे. आज रस्त्यावर पडतं ते डांबर, म्हणजे बिटुमेन, खनिज तेलातून येतं. मुंबईत माहुलला किंवा इतरत्र शुद्धीकरण कारखान्यात कच्चं तेल तापवलं की आधी गॅस, मग पेट्रोल, केरोसीन, डिझेल असे हलके घटक वाफ होऊन वेगळे होतात. तळाशी जो जड गाळ उरतो तो निर्वात मनोऱ्यात पुन्हा तापवला जातो आणि शेवटी जे काही केल्या वाफ होत नाही ते डांबर.

या पदार्थाचा स्वभाव मोठा गमतीचा आहे. हातोडी मारली तर त्याचा टवका उडतो, म्हणजे तो घन वाटतो. पण नुसता ठेवून दिला तर तो अतिशय सावकाश वाहत असतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल या प्राध्यापकाने १९२७ साली डांबराचाच भाऊबंद असलेलं पिच एका काचेच्या नरसाळ्यात भरलं. १९३० साली नरसाळ्याची नळी खालून कापली. तेव्हापासून २०१४पर्यंत त्यातून नऊ थेंब पडले.

हाच स्वभाव रस्त्यावर दिसतो. वेगाने गेलेल्या ट्रकला रस्ता कडक लागतो, कारण भार क्षणभरच असतो. बसथांब्यावर किंवा सिग्नलला तोच ट्रक मिनिटभर उभा राहिला की त्याच्या चाकाखालचं डांबर हळूहळू सरकतं. म्हणून थांब्यांपाशी आणि चौकांत डांबराच्या वळ्या पडलेल्या दिसतात. विदर्भात मे महिन्यात हवा ४५ अंशांवर जाते तेव्हा काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर तापतो, आणि जड वाहनांच्या रोजच्या वाटेवर चाकोऱ्या उमटू लागतात.

म्हणून प्रदेश आणि रहदारी पाहून डांबर निवडावं लागतं. पूर्वी ही निवड सुईने होत असे. २५ अंश तापमानाच्या डांबरावर १०० ग्रॅम भाराची सुई पाच सेकंद टेकवायची आणि ती किती आत जाते ते मोजायचं. सहा ते सात मिलिमीटर गेली तर ते '६०/७०' प्रतीचं डांबर. २००६ सालापासून भारतीय मानकाने ही पद्धत मागे टाकून ६० अंशांवरचा दाटपणा मोजायला सुरुवात केली, कारण आपले रस्ते उन्हाळ्यात तेवढेच तापतात. आताच्या निविदांत दिसणाऱ्या व्हीजी-३०, व्हीजी-४० या प्रती त्यातूनच आल्या. आकडा मोठा तितकं डांबर कडक.

गरम आहे तोवरच

हॉटमिक्स प्लँटमध्ये खडी फिरत्या पिंपात दीडशे ते एकशेसत्तर अंशांपर्यंत तापवतात. खडीवर ओलावा राहिला तर डांबर तिला चिकटत नाही, हे त्याचं पहिलं कारण. मग वेगवेगळ्या आकारांची खडी, भुकटी आणि गरम डांबर मोजून एकत्र घुसळलं जातं. मोठ्या खडीतल्या फटी मध्यम खडीने, तिच्या फटी कचेने, कचेतल्या भुकटीने भरायच्या आणि प्रत्येक कणावर डांबराचा पातळ लेप बसवायचा, असा हा सगळा हिशेब आहे.

आता मिश्रणाचं तापमान उतरू लागतं. डंपरवर ताडपत्री हवी ती धूळ उडू नये म्हणून नव्हे, तर वाटेत उष्णता टिकावी म्हणून. डंपर साइटवर आला की जाणता मुकादम आधी ढिगाकडे बघतो. चांगलं मिश्रण चकचकीत काळं असतं आणि त्याचा ढीग टोकदार राहतो. ढीग पसरट होऊन तेलकट चमकत असेल तर डांबर जास्त झालं आहे. रंग तपकिरी, कोरडा वाटला तर डांबर कमी आहे. निळसर धूर निघत असेल तर मिश्रण प्लँटमध्येच करपलं आहे. असं डांबर ठिसूळ होतं आणि वर्षा-दोन वर्षांत भेगाळतं. आणि गठ्ठे पडले असतील, फावडं नीट घुसत नसेल तर ते गार झालं आहे.

हे सगळं चिक्की करणाऱ्याला सांगायला नको. शेंगदाणे भरपूर, गूळ बेताचा आणि पाक गरम आहे तोवरच लाटणं फिरवायचं. गार झाल्यावर कितीही जोर लावा, दाणे सुटेच राहतात. रस्त्यावर ही मुदत अंशांत लिहिलेली असते. व्हीजी-३० वापरलं असेल तर पसरताना मिश्रण निदान १४० अंश हवं आणि ते ९० अंशांवर उतरायच्या आत रोलरचं काम संपायला हवं. चार सेंटिमीटरचा थर संध्याकाळच्या वाऱ्यात फार लवकर गार होतो. हाताशी मिनिटं असतात, तास नव्हे.

पेव्हर मिश्रण एकसारख्या जाडीने अंथरत पुढे जातो आणि त्याच्या मागोमाग लोखंडी चाकांचा रोलर. तो नेहमी कडेच्या खालच्या बाजूने सुरू करून मध्याकडे सरकतो, म्हणजे मिश्रण बाहेर ढकललं जात नाही. मग रबरी टायरांचा जड रोलर खडीला मळून घट्ट बसवतो. शेवटी पुन्हा लोखंडी रोलर उमटलेले वळ पुसतो. चाकांना डांबर चिकटू नये म्हणून त्यांच्यावर पाण्याची बारीक धार चालू असते.

रोलर मारतात ते रस्ता सपाट दिसावा म्हणून, असा समज आहे. खरं काम आहे हवा काढण्याचं. थरात थोडी पोकळी हवीच. सगळ्या फटी बुजल्या तर उन्हाळ्यात फुगणाऱ्या डांबराला जागा उरत नाही, ते वर येतं आणि रस्ता निसरडा होतो. प्रयोगशाळेत तीन ते पाच टक्के पोकळी धरून मिश्रण ठरवतात. पण दाबाई कमी पडून ही पोकळी आठ टक्क्यांच्या वर गेली की सुट्या फटी एकमेकींना जोडल्या जातात आणि पाण्याला थेट वाट मिळते. वरून असा रस्ता नवाकोरा, काळाभोर दिसतो. फोटोत आणि उद्घाटनात त्याचं काही बिघडत नाही.

पाणी काय करतं

महाराष्ट्राला या कामात एक नैसर्गिक देणगी आहे. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, कठीण असतो आणि फोडला की कोनदार खडी देतो. शिवाय त्याची रासायनिक प्रकृती अशी की ग्रॅनाइट किंवा गारेच्या दगडापेक्षा डांबर त्याला जास्त घट्ट धरतं. तरीही दगडाला डांबरापेक्षा पाणी प्रिय असतं. खडीवर धुळीचा लेप राहिला किंवा डांबराचा थर कुठे तुटला की पाणी त्या जागेतून शिरतं आणि डांबर दगडावरून सोलून काढतं.

याला चाकं मदत करतात. भेगेत पाणी भरलं आहे आणि वरून बसचं चाक गेलं, की पाणी दाबाने आत घुसतं. चाक पुढे सरकलं की तेच पाणी बारीक भुकटी घेऊन उसळून बाहेर येतं. पावसाळ्यात रस्त्याच्या भेगांभोवती मातकट डाग दिसतात, ते खालचा थर धुऊन निघत असल्याची खूण. काही दिवसांत खाली पोकळी तयार होते, वरचा तुकडा आधाराविना उरतो आणि पुढच्या चाकाबरोबर तुटतो. खड्डा दिसतो त्या दिवशी तयार झालेला नसतो.

म्हणूनच रस्त्याला मधून कडेकडे उतार लागतो. भरपूर पावसाच्या भागात तो साधारण अडीच टक्के ठेवतात, म्हणजे मीटरमागे अडीच सेंटिमीटर. कडेला पोचलेलं पाणी पुढे जायलाही हवं. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली असेल, गटाराच्या तोंडाशी कचरा असेल किंवा गटारच रस्त्याहून वर बांधलेलं असेल, तर डांबर पाचाऐवजी सहा टक्के घातल्याने काही साधत नाही.

मराठवाड्यात आणि विदर्भात खालूनही धोका आहे. कपाशीची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की हाताएवढ्या भेगा पडून आकसते. तिच्यावर सरळ रस्ता बांधला तर दर ऋतूत तो वरखाली होतो आणि डांबर फाटतं. तिथे काळी माती काढून मुरमाचा भराव घालावा लागतो किंवा मातीत चुना मिसळून तिची फुगण्याची खोड मोडावी लागते. हा खर्च जमिनीखाली जातो, वरून दिसत नाही, म्हणून काटछाटही पहिली तिथेच होते.

शहरात पाण्याला आयती वाट करून देतो तो चर. नळाची जोडणी, केबल, गॅसची पाइपलाइन यांसाठी नवा रस्ता कापला जातो, चर सुट्या मातीने भरला जातो आणि वर डांबराची पट्टी ओढली जाते. आतली माती रोलरने बसवलेली नसते, म्हणून पट्टी खचते. पट्टी आणि जुना रस्ता यांच्या सांध्यातून पाणी उतरतं. महिन्याभरात तिथे लांबलचक खळगा तयार होतो.

वजनाचा चौथा घात

मोटारींच्या गर्दीने रस्ते खराब होतात असं वाटतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास चाचणीसाठी बांधलेल्या रस्त्यांवर दिवसरात्र ट्रक फिरवून मोजमाप केलं गेलं. त्यातून दिसलं ते असं, की रस्त्याची झीज आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट तर झीज सोळापट. अर्धा टन भाराचा मोटारीचा आस आणि दहा टन भाराचा ट्रकचा आस यांची तुलना केली तर फरक एक लाख साठ हजार पटींचा येतो.

या गणिताने अतिभाराचं खरं रूप दिसतं. ट्रकच्या आसावर मर्यादेपेक्षा फक्त वीस टक्के वजन जास्त पडलं तर रस्त्याची झीज दुपटीहून अधिक होते. २०१८ साली केंद्र सरकारने चार टायरांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाहतूकदारांना त्याचा फायदा झाला. पण चौथ्या घाताच्या हिशेबाने प्रत्येक पूर्ण भरलेला आस आता आधीपेक्षा सुमारे दीडपट झीज करू शकतो. वाळू-खडीच्या डंपरांची ये-जा असलेले गावरस्ते वर्षभरात का संपतात याचं उत्तर इथे मिळतं. ते बैलगाडी, दुचाकी आणि एखाद्या एसटीच्या हिशेबाने बांधलेले असतात.

सोसायटीच्या आवारात

बंगल्याच्या किंवा सोसायटीच्या आवारातला डांबरी रस्ता ट्रकचा भार सोसत नाही. त्याचे शत्रू वेगळे. उभ्या गाडीतून ठिबकणारं इंजिन ऑइल किंवा डिझेल डांबराला विरघळवतं, कारण तिघंही एकाच तेलातून आलेले. त्या जागी माती टाकून तेल शोषून घ्यावं आणि जागा धुवावी. नव्या थरावर गाडी जागच्या जागी उभी ठेवून स्टिअरिंग फिरवलं तर खडी उखडते. उन्हाळ्यात दुचाकीचा स्टँड रुततो. त्याखाली फरशीचा तुकडा ठेवला की काम भागतं.

काम देतानाही काही पाहता येतं. आवार लहान म्हणून मिश्रण बऱ्याचदा हातानेच पसरलं जातं आणि रोलर पोचेपर्यंत गार होतं. एक गाडी रिकामी झाली की लगेच दाबाई, मग दुसरी, असा क्रम धरायला सांगावं. जुन्या रस्त्यावर थरावर थर चढवत गेलं की काही वर्षांनी आवार जोत्याच्या वर येतं आणि पार्किंगमध्ये पाणी शिरतं. त्याऐवजी जुना थर आधी खरवडून काढायला लावावा. खरवडलेलं डांबर वाया जात नाही. ते तापवून नव्या मिश्रणात पुन्हा वापरता येतं, हा डांबराचा मोठा गुण आहे.

सिमेंटचं काय?

यावर हमखास विचारलं जातं, की मग सगळे रस्ते सिमेंटचेच का करू नयेत? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काँक्रीटचा आहे, नागपुरात आणि मुंबईत शहरभर काँक्रीटीकरण चाललं आहे. काँक्रीट उन्हात मऊ होत नाही, पाण्याने सुटत नाही आणि जास्त वर्षं टिकतं. पण त्याला ताकद यायला आठवडे लागतात. डांबरी रस्त्यावर थर गार झाला की त्याच दिवशी गाड्या सोडता येतात. डांबराचा तुकडा बदलणं सोपं, काँक्रीटचं फाडकाम अवघड. आणि खालची जमीन खचली किंवा सांध्यातून पाणी उतरलं तर काँक्रीटच्या पट्ट्याही तडकतात. जिथे रोज जड वाहनं आहेत आणि खालच्या वाहिन्या आधीच घालून झाल्या आहेत, तिथे काँक्रीट शोभतं. बाकी ठिकाणी साहित्य बदलून निचऱ्याचा प्रश्न सुटत नाही.

डांबरी रस्ताही नीट केला तर टिकतो, याला पुण्यात पुरावा आहे. १९७६ साली रेकॉन्डो या कंपनीने जंगली महाराज रस्ता दहा वर्षांच्या हमीवर डांबरानेच करून दिला. हमी संपली, रहदारी अनेक पटींनी वाढली, तरी तो रस्ता कित्येक दशकं खड्ड्यांविना राहिला. शहर तेच, पाऊस तोच, आसपासच्या खाणींतला दगडही तोच. शेजारच्या रस्त्यांवर मात्र दरवर्षी खड्डे पडत राहिले.

त्या कामातली हमी ही गोष्ट आता अपवाद राहिलेली नाही. सार्वजनिक रस्त्यांच्या करारात 'दोषदायित्व कालावधी' लिहिलेला असतो आणि त्या मुदतीत पडलेले खड्डे ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचे असतात. कामाच्या जागी जो फलक लावतात त्यावर बहुधा कामाची तारीख, ठेकेदाराचं नाव आणि ही मुदत असते. काम चालू असताना त्याचा फोटो काढून ठेवावा. पहिल्या पावसात कडेला पाणी साचलं तर खड्डा पडायची वाट न पाहता तेव्हाच लेखी कळवावं, कारण त्या वेळी दुरुस्ती गटाराचं तोंड मोकळं करण्याइतकीच असते.